घामातनं शुगर सांगणारा जेलचा पट्टा खरंच असतो का? अण्णांसाठी घ्यावा का?

गोदाकाठचा_पोऱ्या (परभणी)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहायलोय, सांभाळून घ्या.

आमचे अण्णा, वय ६३, शुगर निघून नऊ वर्षं झाली. आधी नुसत्या गोळ्यांवर होते, मागच्या दिवाळीपासून रात्रीचं इन्सुलिन चालू झालंय. मी परभणीत, ते अन् आई गावाकडं गंगाखेडच्या बाजूला. शेती सोडायला तयार नाहीत, ते काही सुटणारही नाही. अडचण बोटांची आहे. कापूस वेचून, खुरपं धरून बोटांचं नुसतं ढेकूळ झालंय, सुई टोचली तर रक्त येत नाही, आलं तर पट्टीला पुरत नाही, मशीन एरर दाखवतंय, परत टोचा, परत एरर, मग वैतागून मशीन फळीवर ठेवून देतात ते पंधरा-पंधरा दिवस हात लावत नाहीत.

मागच्या महिन्यात पहाटे साडेतीनला आईला जाग आली तर अण्णा घामानं चिंब, गोधडी ओली, अन् काहीबाही बडबडायलेत, बैल सुटलाय म्हणून. बैल विकून चार वर्षं झाली. शेजारच्या पोरानं बोट दाबून दाबून चेक केलं तर ५४. साखरेचं पाणी पाजलं तेव्हा ठिकाणावर आले. तेव्हापासून मला रात्री झोप लागत नाही बघा.

आता मुद्दा. मोबाईलवर सारखी एक जाहिरात यायलीय, हायड्रोजेल सेन्सर म्हणून. मनगटाला मऊ जेलचा पट्टा चिकटवायचा, तो घामातनं शुगर ओळखतो, आकडा डायरेक्ट मोबाईलवर, सुई नाही, रक्त नाही, एकदा चिकटवला की सात दिवस. किंमत २,९९९. हे हायड्रोजेल काय प्रकार आहे, खरंच शुगर कळती का त्याच्यानं, अन् आपल्याकडच्या उन्हात टिकतंय का? कुणी वापरलं असंल तर सांगा.

चुना_कमी (बीड)

भाऊ २,९९९ मध्ये सुई बंद होत असती तर डॉक्टर लोकांनी आधी सोताच्या सासऱ्याला लावला असता. पण मला बी ऐकायचंय, आमची माय बी शुगरचीच. इथं बसलोय.

ईसीजीवाली_ताई (धाराशिव जिल्हा)

शुगरचं जाणकार सांगतील, मी जेलचं सांगते कारण रोज हातात असतं. ईसीजी काढताना छातीला गोल स्टिकर लावतात ना, वर बटण, खाली गिळगिळीत गार चकती, ते गार लागतं तेच हायड्रोजेल. म्हणजे हे काही आकाशातनं पडलेलं नवीन नाही दादा, तुमच्या अण्णांचा ईसीजी कधी निघाला असेल तर त्यांच्या छातीला लागून गेलंय ते.

आता ऊन. मागच्या एप्रिलमधली गोष्ट. स्टिकरचं पाकीट उघडलं होतं, कुणीतरी तोंड न मिटवता टेबलावर तसंच टाकलं, वरनं पंखा. दोन दिवसांनी एक आजी आल्या छातीत धडधडतंय म्हणून. स्टिकर लावले तर पट्टीवर लाईन अशी वाकडीतिकडी, कधी वर पळतीय कधी खाली, मधीच गायब. मी वायरी बदलून बघितल्या, आजींना हलू नका म्हणून दोनदा रागावले, बिचाऱ्या श्वास धरून पडल्या. मग एक स्टिकर उपसून बघितला तर खालची चकती वाळून पापड झालेली, नखानं खरवडली तर कडकड सुटली. नवं पाकीट फोडलं, दोन मिनिटांत लाईन सरळ. आजींना काहीच झालेलं नव्हतं, दोष सगळा वाळलेल्या जेलचा.

आणि उलटी तऱ्हा पण असते. रानातनं आलेल्या माणसाची छाती घामानं निथळत असते, स्टिकर लावला की घसरतो. म्हणून आम्ही आधी कोरड्या कापसानं खसखसून पुसतो, तेल लावलेलं असलं तर स्पिरीट मारतो, केस असले तर रेझर. एवढं करून दहा मिनिटं टिकला तरी आम्ही खूश. मेच्या उन्हात खुरपणाऱ्या माणसाच्या मनगटाला सात दिवस? मी तर बघूनच मानीन.

जाळ्यातलं_पाणी (छत्रपती संभाजीनगर)

ताईंनी निम्मं काम केलंय. माझी पीएचडी जेलवरच चालू आहे (चालू म्हणजे किती वर्षं ते विचारू नका), त्यामुळं थोडं लांबणार.

सब्जा भिजवलाय ना उन्हाळ्यात? काळ्या बीभोवती जो गुळगुळीत पारदर्शक फुगा येतो ते घरचं हायड्रोजेल. लांब लांब साखळ्यांचे रेणू एकमेकांत ठिकठिकाणी अडकून त्यांचं जाळं होतं, त्या जाळ्यात पाणी शिरून बसतं आणि जाळं विरघळत नाही, फुगतं. कित्येक जेलमध्ये ९० टक्क्यांच्या वर नुसतं पाणी असतं तरी ते चिमटीत धरता येतं. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स पण हेच. १९६० मध्ये ओट्टो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम या दोघा चेक शास्त्रज्ञांनी शरीरात वापरता येतील अशा जेलांवर पेपर लिहिला आणि १९६१ च्या नाताळात विख्टर्लेनं प्रागमधल्या घरी टेबलावर पोराच्या लोखंडी पट्ट्यांच्या खेळण्यातनं आणि सायकलच्या डायनॅमोवर लेन्स ओतायचं यंत्र बनवलं. मला हा माणूस लई आवडतो, आमच्या लॅबमधलं कोटीचं मशीन बंद पडलं की त्याची आठवण येते.

सेन्सरमध्ये जेल कशाला? आपल्या अंगात वीज चालते ती सोडियम, क्लोराईड अशा आयनांवर (म्हणजे विजेचा भार असलेल्या बारीक कणांवर), तांब्याच्या वायरीत चालते ती इलेक्ट्रॉनवर. दोघांची भाषा वेगळी, मधी दुभाष्या लागतो. ताईंच्या स्टिकरमध्ये चांदी आणि सिल्व्हर क्लोराईडचा थर असतो आणि त्याच्या नि कातडीच्या मधी खारट ओलं जेल, हे दोघं मिळून दुभाष्याचं काम करतात. जेल वाळलं की आयनांची वाट बंद, म्हणून आजींची लाईन नाचली. दुसरं असं की धातू, सिलिकॉन कडक असतात, कातडी मऊ, माणूस हलला की मधी फट पडते. जेल कातडीसारखंच मऊ, वाकतं, ताणतं. जेलमध्ये कार्बनचे अतिसूक्ष्म धागे मिसळले तर ताणल्यावर त्याचा विजेचा रोध बदलतो, मग गळ्याला लावून गिळणं, मनगटाला लावून नाडी, छातीला लावून श्वास असं मोजता येतं. २०२२ मध्ये अमेरिकेत बोस्टनजवळच्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी टपालाच्या तिकिटाएवढा सोनोग्राफीचा स्टिकर दाखवला, ४८ तास अंगावर राहून हृदय, फुप्फुस, पोट दाखवत होता. त्यात जेल वाळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी रबरासारखा पातळ पापुद्रा लावला होता. म्हणजे वाळायचा वैताग तिकडं बोस्टनमध्ये पण आहे, धाराशिवलाच नाही.

आता खरा प्रश्न, साखर. वीज, ताण, नाडी हे मोजणं वेगळं आणि एक ठराविक रसायन किती आहे ते मोजणं वेगळं. जेल स्वतः साखर ओळखत नाही, त्यात साखर ओळखणारं काहीतरी डांबावं लागतं, बहुतेक वेळा ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम. आणि जेल ज्या पाण्याला टेकलंय त्यातलीच साखर ते सांगणार. घामातली साखर रक्ताच्या मानानं फारच कमी, पन्नासाव्या-शंभराव्या हिश्श्याच्या आसपास, त्यात घाम जास्त आला की पातळ, कातडीवर आधीचं काही लागलेलं असलं की भर, वरून घामाचा खारटपणा नि आंबटपणा तासातासाला बदलतो. त्यातनं रक्तातली ५४ आहे का ९० आहे हे सांगणं म्हणजे ओढ्याला आलेलं पाणी बघून कुणाच्या रानात किती मिलिमीटर पडला ते सांगण्यासारखं.

कातडी न फोडता जेलनं साखर मोजायचा प्रयत्न बाजारात येऊन गेलाय बरं का. ग्लुकोवॉच नावाचं घड्याळ, २००१ ला अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं, उपकरणं तपासून परवानगी देणारं तिथलं सरकारी खातं) मंजूर केलं होतं. खाली जेलच्या चकत्या, कातडीतनं बारीक करंट सोडायचा, त्याच्याबरोबर आतल्या पाण्यातली साखर ओढली जाऊन जेलमध्ये यायची आणि तिथल्या एन्झाइमशी भिडायची. हुशारीचं काम होतं. पण लावल्यावर तीन तास थांबा, मग बोट टोचून आकडा जुळवून घ्या (सुई सुटलीच नाही!), चकत्या बारा तासांत संपणार, कातडी लाल होऊन चुरचुरणार, आणि घाम आला की घड्याळ रीडिंग गाळायचं. शुगर लो झाली की माणसाला घामच येतो. ज्या वेळी आकडा पाहिजे नेमकं त्याच वेळी घड्याळ मुकं. पुढं ते बंदच पडलं.

एफडीएनं फेब्रुवारी २०२४ मध्ये सरळ इशारा दिला होता की कातडी न टोचता शुगर मोजतो म्हणणाऱ्या स्मार्टवॉच आणि अंगठ्यांवर विसंबू नका, आपल्या आपण शुगर मोजणारं असं एकही स्मार्टवॉच किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नव्हती. २,९९९ चा पट्टा काय ते तुम्हीच ठरवा.

मोसंबी_पाचएकर (जालना)

माफ करा मधी घुसायलो, पण हे हायड्रोजेल म्हणजे झाडाच्या बुडाशी टाकतात तेच का ओ? आम्ही टाकलं होतं. दिल्लीच्या पुसा संस्थेनं काढलेलं जेल शेतकऱ्यांत लई चर्चेत होतं, मी दुकानातनं दुसरंच कायतरी आणलं. दुकानदार म्हणला एका किलोत शेकडो लिटर पाणी धरतंय, बादलीत टाकून बघा. घरी आणून बादलीत टाकलं तर जराजरा फुगलं, साबुदाण्याएवढं. मी म्हणलं फसवलं. भांडायला गेलो तर त्यानं तिथंच फिल्टरच्या पाण्यात चमचाभर टाकलं, गिलासभर बर्फाच्या चुऱ्यासारखं उभं राहिलं. आमच्या बोअरचं पाणी खारं आहे, भांड्याला पांढरा थर धरतंय. त्याचा काय संबंध असंल का?

जाळ्यातलं_पाणी

काका तुम्ही बादलीत सेन्सर बनवलात आणि दुकानदाराशी भांडलात! शंभर टक्के संबंध आहे. त्या जेलच्या साखळ्यांवर ऋण भार असतो, ते एकमेकांना ढकलतात म्हणून जाळं ताणून मोठं होतं आणि पाणी आत शिरतं. खाऱ्या, जड पाण्यात सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमचे धन आयन येऊन तो भार झाकून टाकतात, कॅल्शियम तर दोन साखळ्यांना गाठच मारतो, मग जाळं आखडतं.

ज्याला घरी बघायचंय त्यानं लहान लेकराचा नवा डायपर फाडावा, आतली पांढरी पूड काचेच्या वाटीत घ्यावी, पाणी ओतावं, घट्ट झालं की वाटी उलटी केली तरी पडत नाही. मग वरनं चमचाभर मीठ. बघता बघता सगळं पातळ होऊन वाहायला लागतं. (बायकोनं लेकराचे डायपर मोजून ठेवलेले असतात, विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं.)

कितीतरी जेल-सेन्सरचं गणित हेच आहे. बाहेर काहीतरी बदललं की जेल फुगतं नाहीतर आखडतं आणि तो बदल मोजायचा. मीठाला आखडणारं, आंबटपणाला फुगणारं, साखरेला फुगणारं अशी वेगवेगळी बनवता येतात. २०२४ मध्ये चीनमधल्या एका गटानं दोन मिलिमीटरचा जेलचा चौकोनी दाणा दाखवला, सुईनं कवटीच्या आत सोडायचा, मेंदूतला दाब, तापमान बदललं की दाण्याचा आकार किंचित बदलतो आणि बाहेरनं सोनोग्राफीच्या लाटेनं ते वाचता येतं. नंतर महिन्याभरात विरघळून जातो, काढायचं ऑपरेशन नाही. ते उंदीर आणि डुकरांवर झालंय, माणसापर्यंत यायला वेळ आहे.

पण काकांच्या बादलीतच अडचण पण दिसती बघा. साखरेसाठी बनवलेल्या जेलला मिठाचं पण कळतं. रानात काम करणाऱ्याच्या सदऱ्यावर पाठीला पांढरे नकाशे उठतात तेवढं मीठ घामात असतं. आता जेल आखडलं ते साखर कमी झाली म्हणून का मीठ वाढलं म्हणून, हे ओळखायला शेजारी दुसरा मिठाचा सेन्सर लागतो, तिसरा तापमानाचा. लॅबमध्ये जमतं. एसीत बसलेल्या, सायकल मारणाऱ्या पोरावर जमतं.

चुना_कमी

मंग जेलवालं काहीच कामाचं नाही म्हणायचं का शुगरला? का नुसतं डायपर फाडायचे?

जाळ्यातलं_पाणी

नाही नाही, तसं नाही, हेच सांगायचं राहिलं. दंडावर लावतात ते १४ दिवसांचं बटण, सीजीएम म्हणजे शुगर सतत मोजत राहणारं, त्याच्या आत जेलच आहे! लावताना सुई आत जाते आणि लगेच बाहेर येते, मागं केसासारखी मऊ तार राहते कातडीखाली. त्यातल्या फ्रीस्टाईल लिब्रे नावाच्या बटणाच्या तारेवर एन्झाइम बसवलेलं असतं ते एका वीज वाहणाऱ्या जेलमध्ये, अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या अ‍ॅडम हेलर यांनी ती पद्धत काढली. एन्झाइमनं साखरेकडनं घेतलेले इलेक्ट्रॉन त्या जेलमधनं थेट तारेपर्यंत जातात. अमेरिकेत दुसरा एक सेन्सर दंडात कातडीखाली बसवतात, त्याच्यावर पण जेलचा थर, साखर आली की त्यातलं रसायन चमकतं, २०२४ मध्ये त्याला वर्षभर ठेवायची परवानगी मिळाली. म्हणजे जेल काम करतं, फक्त ते आतल्या पाण्यात बुडालेलं पाहिजे. तिथं ऊन नाही, वारा नाही, वाळायचा प्रश्न नाही.

शुगरची_शिकवणी (लातूर)

मी डायबेटीसच्या पेशंटना इन्सुलिन कसं घ्यायचं, पट्टी कशी करायची हे शिकवायचं काम करते. पोऱ्या दादा, जेल राहू द्या, तुमच्या पोस्टमधलं ५४ आणि पहाटे साडेतीन हे आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. घातलंय का? रात्रीचं इन्सुलिन चालू असताना दिवसभर रानात दणकून काम झालं की त्याचा परिणाम मध्यरात्रीनंतर पण शुगर पाडतो. डोस, जेवणाची वेळ हे त्यांनीच बघायला पाहिजे, आपल्या मनानं कमी-जास्त करू नका.

७० च्या खाली आलं आणि माणूस शुद्धीत असला, गिळत असला तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत चेक, अजून कमीच असली तर परत तेवढंच. बडबडतायत, गिळत नाहीत अशा वेळी तोंडात काही कोंबायचं नाही, गाडी काढायची. हे आईला तोंडपाठ करून घ्या.

बोटाचं. पेराच्या मधी टोचू नका, कडेला टोचा, तिथं कातडी पातळ असते आणि दुखतं पण कमी. आधी कोमट पाण्यात साबणानं हात धुवायचे, हात खाली सोडून झटकायचा, मग टोचायचं. नुसतं पुसून करू नका, एका काकांचं ३४० आलं होतं, घरी सगळे रडायला लागलेले, काकांनी गुळाचा खडा फोडला होता. हात धुवून १५२. आणि पट्ट्यांची डबी फळीवर पत्र्याखाली ठेवत असाल तर ते पण बघा, बहुतेक डब्यांवर ३० डिग्रीच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं, पत्र्याखाली मे महिन्यात काय होत असेल. एरर तिथनं पण येतात.

सीजीएमचं म्हणाल तर चार-पाच हजाराच्या आसपास जातं एक, कायम लावायचं म्हटलं तर आपल्यासारख्याला झेपत नाही. पण डॉक्टर कित्येकदा एकदाच चौदा दिवस लावून रात्रीचा आलेख बघतात आणि त्यावरनं इन्सुलिन बसवतात, तेवढं विचारून बघा. त्याचा आकडा रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागं असतो, त्या कुशीवर झोपलं की दाबानं खोटा लो पण दाखवतो, हे आधी सांगून ठेवा नाहीतर आई रात्रभर साखर पाजत बसतील. कुणाकुणाला चिकट्याची ॲलर्जी येते, खाज सुटली तर अंगावर काढू नका.

गोदाकाठचा_पोऱ्या

सगळ्यांचे लई आभार. आता एक कबूल करतो, शिव्या घालू नका. पोस्ट टाकायच्या आधीच मी तो पट्टा मागवला होता. काल आला, आज गावाकडं घेऊन आलो.

अण्णांच्या मनगटाला लावला, १०९ आलं. अण्णा खूश, बघ म्हणले नॉर्मल, उगाच ते इन्सुलिन मागं लावलंय. तिथंच माझ्या पोटात गोळा आला. लातूरच्या ताईंनी सांगितलं तसे हात धुवून कडेला टोचलं, पहिल्याच फटक्यात रक्त आलं (ताई खरंच, एवढे दिवस कुणी सांगितलं नव्हतं), मशीनवर २१३. दोघांत एवढं अंतर. परत पट्टा, १११. मला लावला, १०६. आईला लावला, १०८. मग आमचा पुतण्या, वय अकरा, त्यानं पट्टा उचलला आणि पडवीतल्या माठाला चिकटवला. माठ पाझरत होता, गार ओला. मोबाईलवर फिरत फिरत आलं, १०४. खाली हिरव्या अक्षरात, उत्तम.

पट्टा परत पाठवायची खटपट करायलोय, फोन कुणी उचलत नाही. डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतलीय, ५४ चं सांगणार अन् चौदा दिवसांच्या बटणाचं विचारणार. पट्ट्यांची डबी पत्र्याखालनं काढून आईच्या लोखंडी पेटीत ठेवली.

चुना_कमी

माठाला एकदा जेवणानंतरची बी करून बघा.

गोदाकाठचा_पोऱ्या

अण्णा तेच म्हणायलेत. म्हणले माठाची माझ्यापेक्षा भारी आहे, त्याला नऊ वर्षं नुसत्या पाण्यावर ठेवलंय.